सतरा नंबरचे कान

१२ जानेवारी

दाजी, नमस्कार. ताईलाही सांगा.

सोबत टी-सेट पाठवतोय. त्याची खरी किंमत आधी ऐकून घ्या, म्हणजे ताई तो कपाटात कोंडून ठेवणार नाही. सहा कप, सहा बशा, किटली आणि साखरेचं भांडं. हे सगळं एका घरातलं दिसावं म्हणून मी नऊ पेट्या उपसल्या. त्यात तीन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं कबूल केलं होतं, तो अबोला चार दिवस चालला. किटलीवर सत्तावीस झाकणं लावून पाहिली. अठ्ठाविसावं बसलं, आणि बसता बसता माझा अंगठा कापून गेलं. तोही डावा, म्हणजे माझा कामाचा. आठवडाभर उजव्या हाताने सह्या केल्या आणि बँकेने दोन्ही चेक परत पाठवले. एवढं करून सेट डिफेक्टिव्हच. एका बशीवरची सोनेरी रेघ मध्येच दम खायला थांबलीय. कुठे, ते शोधून दाखवा.

हा शब्द मला फार आवडतो, दाजी. दुकानाच्या पाटीवर मी तो माझ्या नावापेक्षा मोठा लिहून घेतलाय. परवा एका बाईंनी डझनभर बशा घेतल्या, बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा डिफेक्टिव्ह पीस बदलून मिळेल का. घड्याळवाला माझ्या घड्याळाला तेच म्हणतो, डॉक्टर माझ्या गुडघ्याला तेच म्हणतो. आपल्या भाषेत तडा वेगळा, टवका वेगळा, पोचा वेगळा, डाग वेगळा. नेमकं काय झालंय ते सांगावं लागतं. इथे काही सांगावं लागत नाही. शब्द उच्चारला की समोरचा मान हलवतो आणि पुढचं विचारत नाही.

हॉटेलवाल्यांची रांग आहे सध्या. त्यांना मी माझी पहिली टोपली सांगतो. तेवीस वर्षांपूर्वी तुमच्या कारखान्यातून उचललेले चाळीस रद्दी कप. ओट्यावर बसून एकेक टिचकी मारून वाजवला. छत्तीस खणखणीत बोलले, चार बद्द वाजले. ते चार तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत, आपटून फोडले. छत्तीस विकले आणि एकही परत आला नाही. तुम्ही कपांना कान लावता, मी कपांना कान देतो. कुणाचा हात धरून वर आलो नाही, दाजी, हा कान धरून आलो.

तुमचा,
टिल्लू

२ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

सेट पोचला. ताईने तो वापरायला काढला, म्हणजे तुझे रविवार कामी आले. रेघ मला पहिल्या मिनिटाला सापडली, तिला अजून सापडलेली नाही. मी सांगितलं नाही.

तुला त्या शब्दाचं कौतुक आहे म्हणून लिहितो. आमच्या चेकिंगच्या रजिस्टरात पूर्वी पाच रकाने होते. तडा, टवका, वाकडा, डाग, फोड. संध्याकाळी जाऊन पाहिलं की कळायचं, आज माझ्या नंबरावर दोन वाकडे आहेत, म्हणजे कान लावताना कप जास्त ओला होता. दुसऱ्या दिवशी आपण सुधारायचो. दिवाळखोर बुद्धी कुणाची माहीत नाही, पण गेल्या वर्षापासून ते पाच रकाने काढून एकच केलाय. डिफेक्टिव्ह. त्याखाली नंबर आणि नग.

माझा सतरा नंबर तुला माहीत आहे. सत्तावीस वर्षं कपाच्या बुडाला तोच दाबतोय. माझे शंभरात तीन जायचे, फार तर चार. नोव्हेंबरात अकरा गेले. डिसेंबरात सोळा. आता जानेवारीत अठरा. मॅनेजरने बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजलो. मार्चअखेर आकडा खाली आला नाही तर मला कामाच्या फळीवरून उठवणार. पेट्या भरायच्या शेडमध्येही जागा नाही म्हणाले, म्हणजे घरीच.

मी चेकरला विचारलं, बाबा, काय चुकतंय. तो मान खाली घालून म्हणाला, डिफेक्टिव्ह आहे. मी म्हटलं, ते शिक्क्यावर वाचलं, पण झालंय काय. तो म्हणाला, रजिस्टरात तेवढंच लिहायचं असतं.

आमचा रद्दी माल सगळा तुझ्याकडेच येतो. सतरा नंबरचा कप दिसला तर वाजवून बघ आणि मला सांग, काय ऐकू येतं. माझ्यापेक्षा तुझा कान चांगला.

तुझे,
दाजी

११ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून बायको म्हणाली, दाजींसारखा माणूस असं लिहितो म्हणजे काहीतरी मोठंच आहे. मी म्हटलं, कारखाने असेच असतात, वर्षाला एकदा कुणालातरी खुर्ची देऊन घाबरवतात.

माल इथे वजनावर येतो, नंबर बघायला सवड कुणाला असते. तरी तुमच्या शब्दाखातर एक पेटी उघडली. चार-सहा सतरा सापडले. वाजवले. खरं सांगू? जरा बद्द वाटले. फार नाही. कानाच्या सांध्यापाशी काहीतरी असावं.

तुमची पंचावन्न उलटली. हाताचं सोडा, डोळे तपासून घ्या. आणि घाई कमी करा. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुमच्यासाठी खुर्ची कायमची टाकलेली आहे. गल्ल्यावर बसा, गिऱ्हाइकांना चार गोष्टी सांगा. इतकी वर्षं मातीत हात घातलेत, पुरे की आता.

ताईला सांगा, रेघ तिसऱ्या बशीवर आहे.

तुमचा,
टिल्लू

४ मार्च

प्रिय टिल्लू,

डोळे तपासले. चष्म्याचा नंबर बदलला. फळी खिडकीपाशी मागून घेतली. हात कापतो का ते बघायला डॉक्टरांनी कागद हातात धरायला लावला आणि सरळ रेघ ओढायला लावली. ते म्हणाले, माझी याहून वाकडी येईल. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. मीच चहा बंद केलाय, ताई कपात गरम पाणी देते.

चिकटवायची पातळ माती मी आता दोनदा गाळतो. कान लावला की दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवतो. पूर्वी मला मोजावं लागत नव्हतं. रोजचे कप निम्म्यावर आले. फेब्रुवारीत गेले शंभरात एकवीस.

शेजारच्या फळीवर एकोणीस नंबर बसतो. मी शिकवलेला. परवा त्याने माझा एक कप माझ्या नकळत उचलून उजेडात धरला आणि मी पाहतोय म्हटल्यावर खाली ठेवला. मला वाईट वाटलं ते एवढंच.

तू बद्द म्हणालास, म्हणजे तडा आहे. पण तडा कुठून सुरू होतो, वरच्या सांध्यातून की खालच्या, ते हातात धरल्याशिवाय मला कळणार नाही. चेकर शिक्का मारलेला माल मागितला तरी देत नाही, नियम आहे. तू मला माझे दहा कप पाठव. फक्त दहा. एकदा चूक दिसली की मी ती काढीन. मार्च संपायला वेळ आहे अजून.

तुझे,
दाजी

१९ मार्च

दाजी, नमस्कार.

उशीर झाला, माफ करा. दुकानात पांढरा रंग काढला होता. रंगाऱ्याने तीन दिवस सांगितले आणि तेरा लावले, वर मलाच म्हणतो की भिंत डिफेक्टिव्ह आहे.

ड्रायव्हरबरोबर तुमचे दहा कप पाठवतोय. बुडाला सतरा नंबर आणि लाल शिक्का दोन्ही आहे, बघून घ्या. सगळ्यांना कानापाशी तडा आहे. मन घट्ट करून बघा. आणि बघून झाले की फेकून द्या, जवळ बाळगू नका. माणसाने आपल्याच चुका फळीवर मांडून ठेवू नयेत.

खुर्चीचं मी मनापासून म्हटलं होतं.

तुमचा,
टिल्लू

२३ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझा ड्रायव्हर रिकाम्या पेट्या न्यायला आलाय, त्याला चहा देऊन थांबवलंय. घाईत लिहितो. मीही त्याच्याबरोबर चहा घेतला, दीड महिन्याने.

माझा हात चांगला आहे.

तुला समजावं म्हणून नीट सांगतो, कारण तुझा संबंध भाजलेल्या मालाशी, भट्टीच्या आधीचं तू पाहिलेलं नाहीस. कान लावताना चूक झाली तर तडा भट्टीत जायच्या आधीच पडतो. मग झिलई वितळते आणि त्या तड्यात उतरते. तड्याच्या कडा गुळगुळीत होतात, नख फिरवलं तर अडकत नाही. वर शाई घातली आणि पुसली की निघून जाते. मी तुझ्या दहाही कपांवर निळी शाई घातली आणि ओल्या फडक्याने पुसली. दहाही तडे निळेच राहिले. कडा धारदार, आत कोरडी माती. म्हणजे कप भट्टीतून चांगले बाहेर आले. नंतर कुणीतरी त्यांना मारलंय.

आणखी एक. दहाही ठिकाणी तडा कानाच्या एकाच बाजूला आहे. कप उजव्या हातात धरून डाव्या हाताने ठोकलं तरच तो तिथे पडेल. मारणारा डावखुरा आहे. चेकिंगमध्ये डावखुरा कोण, ते आठवतोय. चेकर उजव्या हाताने लिहितो. तो नसावा. तो पोर वाईट वाटत नाही.

सोमवारी सकाळी कप मॅनेजरपुढे ठेवतो. तू पाठवले नसतेस तर मी जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिलो असतो. ताई म्हणते, टिल्लूला माझा आशीर्वाद लिहा.

तुझे,
दाजी

२४ मार्च

दाजी,

हे पत्र वाचेपर्यंत कप कुठेही नेऊ नका. हात जोडून सांगतो.

तुम्ही सरळ माणूस. मॅनेजरसमोर असं काही ठेवलं की तो आधी सगळ्यांना ओळीत उभं करणार. चेकरला दोन लहान मुलं आहेत. त्याचं घर जाईल. मी त्याच्याशी बोलतो, एप्रिलपासून तुमचा आकडा खाली येईल, पूर्वीसारखा तीनवर. शब्द देतो. कसं ते विचारू नका. धंद्यात माझी चार ठिकाणी ओळख आहे.

कप ड्रायव्हरकडे परत द्या.

टिल्लू

७ एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी सोमवारीच गेलो होतो.

मॅनेजरच्या टेबलावर मी दहा कप मांडले आणि शाईचं सगळं सांगितलं. त्यांना पटलं. त्यांनी चेकरला बोलावलं. तो कप पाहून घाबरला नाही, चकित झाला. म्हणाला, साहेब, हे माझ्याकडून गेले तेव्हा यांना तडा नव्हता. मॅनेजर म्हणाले, तडा नव्हता तर शिक्का का मारलास. त्यावर तो रडायला लागला. मग त्याने सांगितलं. टिल्लूशेठला सतरा नंबरचा माल रद्दीच्या भावात लागतो. सतराचे कान तुटत नाहीत, हॉटेलवाले तोच मागतात. म्हणून पेटीमागे इतके सतरा रद्दीत टाकायचे ठरलेलं होतं. शिक्का कच्च्या शाईचा, दुकानात पुसता येतो. पाच रकान्यांचा एक झाल्यापासून सोपं झालं, काय झालंय ते लिहावं लागत नाही.

म्हणजे माझे कप चांगले होते म्हणून डिफेक्टिव्ह ठरत होते. हे मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

मग मॅनेजरने मला विचारलं, हा दुकानदार तुमचा कोण. मी म्हटलं, बायकोचा धाकटा भाऊ. कप उचलू लागायला एकोणीस नंबर माझ्याबरोबर आला होता, तो खाली बघत राहिला.

आता ते म्हणतात, तुम्ही सामील होता आणि वाटा पटला नाही म्हणून कप घेऊन आलात. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं. माझ्या मागणीवरून तू कप फोडून पाठवलेस, हे कोण खरं मानेल. ताई लहानपणी तुझी पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात द्यायची. शनिवारी मला ते आठवलं नाही.

मॅनेजरने वीस तारखेपर्यंत मुदत दिलीय. माल घेणाऱ्याने लिहून द्यावं की सतरा नंबरला यातलं काही माहीत नव्हतं. तेवढं आलं तर फळी राहील. तुला एकच वाक्य लिहायचंय. दुसरं काही लिहू नकोस.

दाजी

१८ एप्रिल

दाजी, नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तुम्ही रागावला आहात आणि तो तुमचा हक्क आहे. पण एकदा माझ्या बाजूने पाहा. सतराच का मागितला? तुमच्या हाताला तोड नाही म्हणून. आठ नंबरचे कान महिन्यात हातात येतात, एकोणीसचे सहा महिन्यांत. तुमचा कप हॉटेलात चार-चार वर्षं चालतो. त्या कारखान्यात तुमची किंमत कुणाला कळली असेल तर ती मला. हे कौतुकच समजा. आकडा इतका चढेल असं मला वाटलं नव्हतं. चेकरने अतिरेक केला, मी पेटीमागे पाचच म्हटले होते. आणि ते दहा कप मी चमच्याने मारले तेव्हा मला काय वाटलं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुमचं ते एक वाक्य. वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, दाजींना माहीत नव्हतं असं लिहून दिलंत, की तुम्हाला माहीत होतं असं आपोआप लिहून दिलं. मग कारखाना माझ्यावर येणार, हॉटेलवाले जाणार, दुकान जाणार. माझ्या जिवावर आता नऊ माणसं जेवतात. शून्यातून उभं केलंय हे मी, दाजी. ओट्यावर बसून, एकेक कप वाजवून. कुणी मला काही आयतं दिलं नाही. ते एका वाक्यापायी घालवू?

तुम्ही इकडे या. दोघंही या. मागची खोली आता पांढरी झालीय, खिडकी आहे. पगार कारखान्यापेक्षा जास्त देतो. लोक विचारतील तेव्हा मी सांगेन, हा माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला माणूस.

तोवर कारखान्याने काही विचारलं तर माझं पत्र आलं नाही म्हणा. ताईने गैरसमज करून घेऊ नये.

तुमचा,
टिल्लू

२ मे

टिल्लू,

हे पत्र मी लिहितेय. ह्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी केली आणि मला दिलं. एकवीस तारखेला ते कारखान्यात गेले आणि नंबराचा शिक्का जमा करून आले. परत द्यायच्या आधी तो त्यांनी स्वच्छ धुतला, मी पाहिलं. मॅनेजर म्हणाले, पत्र आलं असतं तर मला आनंद झाला असता. हे म्हणाले, मलाही.

आमचं कसं चाललंय ते विचारू नकोस. चाललंय. एकोणीस नंबर येऊन जातो. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच उभा राहिला. ह्यांनीच त्याला आत बोलावलं.

तुझ्या दुकानात आम्ही येणार नाही. तू पगार जास्त देशील हे खरं असेल. पण तू चांगला माणूस म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवशील, त्यांच्याबद्दल एक ओळ लिहायला तुझ्याकडे अकरा दिवस कागद नव्हता असं नाही. तू चार वेळा फाडलास म्हणतोस.

तू वकिलाकडे गेलास. मी तुझी बहीण आहे, माझ्याकडे आला असतास तर मी दुकान बुडू दे म्हटलं नसतं. काहीतरी तोड काढली असती. पण तू आधी ह्यांना म्हातारं ठरवलंस. कप बद्द वाजतात असं लिहिलंस. दीड महिना हा माणूस चहा न पिता बसला, आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर हात धरून विचारायचा, कापतोय का. मी नाही म्हणायचे, तर म्हणायचा, टिल्लूला ऐकू आलंय. कप फोडलेस त्याचं मला एवढं नाही. ते तू भीतीने केलंस. पण हे तू निवांत बसून, विनोद करत लिहिलंस.

आता तुझ्या शून्याबद्दल. हे मी कधी सांगणार नव्हते. ह्यांनी मला सांगू नको म्हटलं होतं, आणि आत्ताही हे पत्र मी त्यांना न दाखवता टपालाच्या पेटीत टाकणार आहे. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. तीन ठिकाणची कामं सोडून आमच्याकडे येऊन पडला होतास, आणि जेवताना वर बघत नव्हतास. ह्यांनी एक दिवस फळीवरचे स्वतःचे कप वेगळे काढले आणि जुन्या चेकरला सांगितलं, हे माझे तडकलेत, रद्दीत टाका, माझा मेहुणा घेऊन जाईल. तड्याच्या रकान्यात त्यांच्या नंबरापुढे चाळीस लागले. त्या महिन्यात मॅनेजरने त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तू संध्याकाळी उड्या मारत घरी आलास आणि कान, कान करत राहिलास. हे हसले आणि म्हणाले, पोराला जमलं.

त्या टोपलीत तडकलेला कप एकही नव्हता. तू ओट्यावर फोडलेस ते चारही चांगले होते.

ताई